सेटिंगची वही

भोसरीच्या एस ब्लॉकमध्ये, तिसऱ्या गाळ्यात
दस्तगीर शिकलगारांची वही
कधी ड्रॉवरमध्ये गेली नाही.
ग्राइंडरशेजारच्या खिळ्याला सुतळीने बांधलेली,
पानांना कूलंटचा वास, कडांना काळे ठसे.
कुठल्या पोलादाला कुठला दगड, किती फीड,
थंडीत मशीन किती वेळ मोकळं फिरवायचं,
सगळं तिरक्या अक्षरात.
कुणीही यावं, थुंकी लावून पान उलटावं.

बाकीच्यांच्या ड्रॉवरला कुलुपं.
कुदळे तर डायल लावताना
पाठ करून उभा राहायचा,
परीक्षेत पेपर झाकणाऱ्या पोरासारखा.
"चाचा, सगळं वाटून टाकलंत
तर तुमच्याकडे उरणार काय?"
चाचा दगडाला डायमंड लावत म्हणायचे,
"हात उरतील की. ते कुठं जातायत."

मी तेव्हा नवीन. औंधच्या आयटीआयची,
गाळ्यातली एकटी बाई.
एका बुधवारी चाळीस बोअर मोठे काढले,
तीस मायक्रॉनने.
केसाच्या निम्म्याएवढं जास्त,
पण जास्त.
ट्रेमध्ये ओळीने चाळीस जॉब,
मांजराने मारून
उंबऱ्यावर आणून ठेवलेल्या उंदरांसारखे.

मी वाट बघत होते :
कुणी केलं, का केलं, पगारातून किती कापायचं.
चाचा आले. एक जॉब उचलला,
आत करंगळी फिरवली, ठेवला.
मग म्हणाले,
"रात्री झोपली नाहीस ना?"

नव्हते झोपले.
वायसीएमच्या बाकड्यावर बसून
आईच्या सलाइनचे थेंब मोजले होते.
कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनाही नाही.

त्यांनी आधी गिऱ्हाइकाला फोन केला,
जे झालं ते सांगितलं, बुश बसवायची परवानगी घेतली.
गुरुवारी भोसरीला सुट्टी, सगळी शटरं खाली,
आमचं एकच अर्धं वर.
चाळीस बुश वळले, ठोकले, पुन्हा बोअर केले.
मी म्हणू लागले, "चाचा, चूक माझी..."
"तुझीच आहे," ते म्हणाले. "आता पाना दे."

फोरमन कुदळे झाला. चाचा नाही झाले.
हे मुद्दाम लिहिते,
नाहीतर ही गोष्ट
बँकेच्या कॅलेंडरवरच्या सुविचारासारखी वाटायची.

मग चाकणचं ते मोठं काम आलं.
त्यांची तपासनीस बाई सगळे गाळे बघत फिरली.
समोरच्या गाळ्यात सगळं एकाच माणसाला येत होतं
आणि तो मेव्हण्याच्या लग्नाला जतला गेला होता.
आमच्याकडे येऊन तिने वहीवर पेन टेकवलं :
"हा माणूस नसला तर
रात्रपाळीत हे सेटिंग कोण करतं?"
अकरा जण होतो आम्ही.
दहा हात वर गेले.
थोड्या वेळाने, छताकडे बघत,
कुदळेचाही.

काम मिळालं.
चाचा तेव्हा घरी, कासारवाडीत,
मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यावर हिरवी पट्टी.
पेढे घेऊन गेलो तर एका डोळ्याने पेढा न्याहाळत म्हणाले,
"शेवटून तिसऱ्या पानावर एक आकडा चुकलाय.
खोडून नीट लिहा."

आता गाळ्याच्या किल्ल्या माझ्याकडे असतात.
वही तिथेच आहे, सुतळी दोनदा बदलली.
काल नवीन पोरगा आला, अंबाजोगाईचा, निवृत्ती नावाचा.
मी डायल लावत होते, तो मागे उभा,
आणि माझ्या लक्षात आलं
की माझी पाठ, न सांगता,
त्याच्या आणि डायलच्या मध्ये आली आहे.

बाजूला सरले.
"दिसतंय का?"
"अर्धंच," तो म्हणाला.
आणखी सरले.